प्रबंधासाठी सर्वेक्षण करायचंय, आराखडा जरा तपासून द्याल का?

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पदव्युत्तर प्रबंध करतेय. जुने धागे चाळताना लक्षात आलं की इथे सर्वेक्षणात मुरलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून धीर करून लिहितेय.

विषय : नवरा-बायको दोघंही नोकरी करतात अशा घरांत घरकामाची वाटणी कशी होते, आणि घरून काम करायची सोय झाल्यावर तिच्यात काय फरक पडलाय.

तयारी अशी : ४८ प्रश्नांचा गूगल फॉर्म तयार आहे. ओळखीच्यांना, त्यांच्या ओळखीच्यांना आणि व्हॉट्सॅप ग्रुप्सवर पाठवणार. ३८४ उत्तरं जमवायची, कारण विभागात सगळे ३८४ च घेतात. मग एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून काय निघतंय ते बघायचं. हातात आठ महिने आहेत.

विचारायचं एवढंच की ३८४ पुरतील ना? आणि काय-स्क्वेअर चाचणी (दोन गोष्टींत संबंध आहे का ते तपासणारी) लावू की आणखी काही? पुढच्या आठवड्यात लिंक सोडायचा विचार आहे.

आकडेबाज | सोमवार, रात्री १०:४०

लिंक सोडू नका.

३८४ हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण तो सगळीकडे मंत्रासारखा म्हटला जातो. १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर येतं ३८४.१६. म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के इकडेतिकडे, आणि लोक एखाद्या गोष्टीवर निम्मेनिम्मे विभागलेत असं धरून चालायचं. एक टक्केवारी, एक समूह, साधा यादृच्छिक नमुना (म्हणजे चिठ्ठ्या टाकून, प्रत्येकाला सारखी संधी देऊन निवडलेली माणसं). या तिन्ही अटी असतील तर ३८४.

तुमच्याकडे यादृच्छिक काहीच नाही. ओळखीच्या माणसाचा ओळखीचा माणूस निवडला जाण्याची शक्यता किती, हे कुणालाच सांगता येत नाही. तिथे हे सूत्र लागूच होत नाही, मग ३८४ घ्या की ३८४०. शिवाय तुम्हाला तुलना करायची आहे. त्यातल्या शंभर जणांचा उपगट वेगळा काढलात की यादृच्छिक नमुन्यातही 'इकडेतिकडे' पाचावरून दहाच्या जवळ जातं.

हिरवी_शाई | सोमवार, रात्री ११:०५

वाचतोय. माझ्या भाचीचंही सध्या हेच चाललंय.

जुनी_वही | मंगळवार, सकाळी ७:२०

अर्धविराम, तुम्ही विचारलेत नमुन्याचा आकार आणि चाचणी. दोन्ही प्रश्न शेवटचे आहेत. पहिला प्रश्न अजून कुणी विचारलेला दिसत नाही : तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?

'घरकामाची वाटणी' हा विषय झाला. विषयावर वर्षभर वाचता येतं, संशोधन करता येत नाही. संशोधन प्रश्नावर होतं, आणि प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. 'घरून काम केल्याने वाटणीवर परिणाम होतो का' याला उत्तर नेहमीच 'होतो', काही ना काही होतोच. त्याऐवजी 'ज्या दिवशी पुरुष घरून काम करतो त्या दिवशी तो ऑफिसच्या दिवसापेक्षा घरकामाला जास्त वेळ देतो का' असं विचारून बघा. इथे तुम्ही साफ तोंडावर पडू शकता. म्हणूनच हा प्रश्न चांगला.

आता माझी आवडती कसोटी. प्रश्नावली बाजूला ठेवा, कोरा कागद घ्या आणि प्रबंधातला मुख्य तक्ता आखा. आकड्यांशिवाय, रिकामा. ओळींत काय, स्तंभांत काय, चौकटीत टक्के येणार की मिनिटं, खाली टीप काय. असे चार-पाच रिकामे तक्ते झाले की मग ४८ प्रश्न एकेक घेऊन विचारा, तू कुठल्या तक्त्यात बसतोस? ज्याला जागा नाही तो बाहेर. माझा अंदाज, निम्मे जातील. आणि दोन-तीन चौकटी अशा निघतील की त्या भरायला तुमच्याकडे एकही प्रश्न नाही. हे आज कळलं तर सुधारता येतं. माहिती गोळा झाल्यावर कळलं तर मग 'संशोधनाच्या मर्यादा' हे प्रकरण लांबत जातं.

'एसपीएसएसमध्ये टाकून काय निघतंय ते बघू' हे मात्र सोडा. ४८ प्रश्नांच्या जोड्या होतात ११२८. पाच टक्क्यांच्या पातळीवर चाचण्या लावल्या तर काहीही संबंध नसताना पन्नासेक जोड्या 'लक्षणीय', म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये अशा, दिसतील. त्यातल्या तीन निवडून त्यांना साजेशी गोष्ट रचायला वेळ लागत नाही. मानसशास्त्रातल्या शंभर प्रयोगांची पुनरावृत्ती करून २०१५ मध्ये निकाल छापले गेले. मूळ निबंधांत ९७ टक्के निष्कर्ष लक्षणीय होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच उरले. कारणं अनेक असतील, पण 'काय निघतंय ते बघू' हे त्यातलं मोठं.

तिरका_कोन | मंगळवार, सकाळी ९:०२

सगळं ठीक. पण घरकामाबद्दल विचारलं की माणसं खरं सांगत नाहीत, त्याचं काय?

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये जोडप्यांना वेगवेगळं विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभराच्या वर गेली. गंमत म्हणजे यादीत भांडण उकरून काढण्यासारखी कामंही होती. म्हणजे निव्वळ बढाई नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं दिसतही नाही.

त्याआधीचा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर घ्या. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. हॉटेलं, खाणावळी मिळून २५१ ठिकाणं, आणि नकार फक्त एकदा. नंतर त्याच ठिकाणांना पत्रं धाडली, 'चिनी ग्राहक घ्याल का?' उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले, नाही. तर फॉर्मवर जे उतरतं ते वागणं नव्हे. तुमच्या फॉर्मला 'मी घरकामात समान वाटा उचलतो' यावर 'पूर्णपणे सहमत' मिळेल आणि सिंकमध्ये भांडी तशीच असतील.

आकडेबाज | मंगळवार, सकाळी ९:३०

लापिएरचं उदाहरण लोक फार सैल वापरतात. पत्राला उत्तर लिहिणारा मालक आणि त्या दिवशी काउंटरवर असलेला माणूस एकच होता कशावरून? शिवाय समोर नीटनेटकं जोडपं, बरोबर एक गोरा प्राध्यापक. पत्रात यातलं काहीच नाही. बोलणं आणि वागणं वेगळं असतं हे मान्य, पण त्याच्या अभ्यासातून ते तुम्ही म्हणता तितकं सिद्ध होत नाही.

तिरका_कोन | मंगळवार, सकाळी ९:३८

मान्य. रॉस-सिकोली मात्र सोडणार नाही.

वाकडा_प्रश्न | मंगळवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. अर्धविराम, तुमचा फॉर्म व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) मिळाला. त्यातले तीन प्रश्न इथे ठेवते, चालेल ना?

'तुम्ही घरकाम आणि मुलांचा अभ्यास यांत नियमित सहभागी होता का?' यात प्रश्न दोन आणि उत्तराला जागा एक. अभ्यास घेतो पण भांडी घासत नाही, त्याने काय करायचं? आणि 'नियमित' म्हणजे रोज की दर रविवारी? प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवणार.

'आजच्या काळात पुरुषांनीही घरकामात हातभार लावला पाहिजे असं तुम्हाला वाटत नाही का?' यात उत्तर तुम्हीच दिलंय, समोरच्याने फक्त मान डोलवायची. शब्दांनी किती फरक पडतो याचं जुनं उदाहरण १९४१ चं. अमेरिकेत एका गटाला विचारलं, लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांना मनाई करावी का? 'करावी' म्हणणारे ४६ टक्के. अर्थ तोच, पण 'मनाई' म्हणायला जीभ जड होते.

'आठवड्यात सरासरी किती तास घरकाम करता?' वरवर निरुपद्रवी. पण घटकाभर स्वतः उत्तर देऊन बघा. डोक्यात सात दिवसांची बेरीज करून सरासरी कुणी काढत नाही. माणूस 'दहा' म्हणतो, कारण दहा हा सांगायला बरा आकडा आहे.

तिसऱ्यावर उपाय आहे, दिवसाची नोंदवही. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत' असं क्रमाने विचारत जायचं किंवा त्यांना दहा-दहा मिनिटांचे खाने असलेली वही भरायला द्यायची. 'घरकाम' हा शब्द उच्चारायचाच नाही. त्यात काय धरायचं ते नंतर तुम्ही ठरवता, तो नाही. अलेक्झांडर सालाई यांच्या पुढाकाराने १९६५-६६ मध्ये बारा देशांत मिळून असा वेळ-वापराचा अभ्यास झाला, तेव्हापासून ही पद्धत रुळली आहे. सालाईंच्या वहीत महत्त्वाची सोय होती : मुख्य काम काय आणि त्याच वेळी दुसरं काय चाललं होतं, असे वेगळे रकाने. घरकामाला तो दुसरा रकाना हवाच.

अर्धविराम | मंगळवार, रात्री ९:५०

बापरे. एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

रिकामा तक्ता आखायला बसले आणि जुनी_वही म्हणाले तसंच झालं. माझ्या ४८ प्रश्नांतून मुख्य तक्ता भरतच नव्हता. आता असा आखलाय :

ओळी : पुरुष, स्त्री.
स्तंभ : ऑफिसचा दिवस, घरून कामाचा दिवस, फरक.
चौकटीत : घरकामाची मिनिटं.

घरून काम करणारे पुरुष आणि ऑफिसला जाणारे पुरुष अशी तुलना करायची, बरोबर?

जुनी_वही | मंगळवार, रात्री १०:३०

तक्ता झकास. तुलना मात्र तशी करू नका. कायम घरून काम करणारे आणि रोज ऑफिसला जाणारे मुळात वेगळे लोक असतात. नोकरीचा प्रकार, वय, मुलांचं वय, सगळंच वेगळं. मिनिटांत फरक दिसला तर तो जागेमुळे की या बाकीच्यामुळे, कसं सांगाल?

आठवड्यातले काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसात अशी दोन्ही असणारी माणसं घ्या. एकाच माणसाच्या दोन वह्या, एक ऑफिसच्या दिवसाची, एक घरच्या दिवसाची. स्वभाव तोच, बायको तीच, मुलं तीच. बदलली ती फक्त कामाची जागा.

एक फट तरीही राहते. 'आज घरून करतो' हे माणूस नाणं उडवून ठरवत नाही. मुलाला ताप आहे, प्लंबर यायचाय, म्हणूनही घरी थांबतो, आणि त्या दिवशी घरकाम वाढलेलं असणारच. तेव्हा 'त्या दिवशी घरून काम करायचं कशामुळे ठरलं' एवढं विचारून ठेवा. ज्यांचे वार कंपनीने बांधून दिलेत त्यांचा हिशेब वेगळाही मांडता येईल.

आकडेबाज | मंगळवार, रात्री ११:१०

वा! आता नमुन्याच्या आकाराबद्दल बोलण्यात अर्थ आहे.

जोडीच्या मापनाला लागणारी संख्या साधारण ७.८४ गुणिले (फरकाचं प्रमाण विचलन भागिले पकडायचा फरक) याचा वर्ग. प्रमाण विचलन म्हणजे तो फरक माणसागणिक किती पसरलेला आहे त्याचं माप. ७.८४ हा आकडा पाच टक्के पातळी आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून. समजा वीस मिनिटांचा फरक खरंच असेल तर तो हुकू नये अशी तुमची इच्छा आहे आणि फरकाचं विचलन ९० मिनिटं आहे. उत्तर १५९ जोडपी. ते ९० मी हवेतून घेतलंय, तुम्ही पथदर्शी चाचणीतून (आधी थोड्या लोकांवर करायच्या तालमीतून) काढा.

वीस मिनिटंच का, हे गणित सांगत नाही. किती फरक दखल घेण्याजोगा ते समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने ठरवायचं.

आणि हो, नवरा-बायको हे दोन स्वतंत्र प्रतिसादक नव्हेत. एकाचं काम वाढलं की दुसऱ्याचं कमी होतं, निदान व्हायला हवं. विश्लेषणाचं एकक जोडपं ठेवा.

फिरती_पाटी | बुधवार, सकाळी ६:४५

दोन दिवस वाचत होतो. फील्डवर माणसं उतरवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे माझं दुखणं वेगळं.

ही जोडपी कुठून आणणार? 'दोघंही नोकरीला आणि निदान एकाला आठवड्यात काही दिवस घरून काम' अशी यादी कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. लिंक सोडली तर ती भरतील विषयाची हौस असलेली माणसं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने कोटभर मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या आणि त्यावरून अध्यक्षपदी लँडन निवडून येणार असं छापलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांवरून, हे सगळे सांगतात. त्याइतकंच मोठं दुसरं कारण, पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारेच वेगळे होते. तुमच्या लिंकचं हेच होणार. ज्या घरात वाटणीवरून रोज धुसफूस आहे तिथली बाई भरणार, नवरा 'नंतर बघतो' म्हणणार.

म्हणून शहरातले काही विभाग चिठ्ठ्या टाकून निवडा. तिथल्या प्रत्येक दारावर जाऊन दोन मिनिटांचे गाळणी प्रश्न विचारा आणि पात्र घरांची यादी तुम्हीच करा. त्यातून परत चिठ्ठ्या. एका घरात पात्र जोडपी दोन निघाली तर कुणाला घ्यायचं ते दारात ठरवायचं नाही. घरातल्यांची यादी करून तक्त्यावरून निवडायची पद्धत लेस्ली किश यांनी १९४९ मध्येच घालून दिली आहे. दारात मुभा दिली की कार्यकर्ता हसतमुख माणूस निवडतो.

वेळेचं बघा. दुपारी गेलात तर दार कोण उघडणार? जो घरी आहे तो. आणि तुमचा अभ्यासच घरी कोण असतं यावर आहे! संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जा. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वारी फेऱ्या मारा, प्रत्येक फेरीची नोंद ठेवा. नकार देणाऱ्याचं घर, मजला, दिसेल ते टिपून ठेवा. कोण निसटलं हे सांगता आलं पाहिजे.

माहिती गोळा करणारी पोरं एकाहून जास्त असतील तर त्यांच्यात फरक पडतोच. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी यावर सुरेख तोड काढली होती. एकाच भागात दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे, दोन वेगळ्या तुकड्यांना द्यायचे, मग दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे. फार अंतर पडलं तर दोष लोकांत नाही, तुमच्या तुकडीत आहे.

आकडेबाज | बुधवार, सकाळी ८:१५

फिरती_पाटींच्या म्हणण्याला गणिताची पुरवणी. एकाच विभागातली जोडपी एकमेकांसारखी असतात, त्यामुळे नमुना फुगवावा लागतो. दर विभागात पाच जोडपी आणि साम्याचा गुणांक (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे अगदी सारखी) ०.०५ धरला तर पट १ + ४ × ०.०५ = १.२. म्हणजे १५९ ची १९१. दर विभागात वीस घेतलीत तर पट १.९५ होतो आणि आकडा ३११ वर जातो. पायपीट वाचवायला एकाच ठिकाणी गर्दी केली की असं महागात पडतं. दोनपैकी एक वही न मिळणारी जोडपी वेगळी, त्यांच्यासाठी वर आणखी घ्या.

पारावरची | बुधवार, सकाळी १०:००

मला एक कळत नाही. एवढी मिनिटं मोजून कळणार काय? नवरा चाळीस मिनिटं स्वयंपाकघरात होता. आज काय करायचं, सामान आहे का, मुलाच्या शाळेत उद्या काय न्यायचंय, हे कुणाच्या डोक्यात होतं? ते वहीत येतच नाही. पंधरा जोडप्यांच्या सखोल मुलाखती घ्या, ताई. आठ महिन्यांत तेवढंच नीट होईल.

जुनी_वही | बुधवार, सकाळी १०:४५

मुलाखती घ्याच, पण 'तेवढंच' का? मिनिटं वाढली का याचं उत्तर मुलाखतीत मिळत नाही, आणि वाढली तरी बायकोचा भार का हलका झाला नाही हे वहीत मिळत नाही. प्रश्न दोन, हत्यारं दोन.

पारावरची | बुधवार, सकाळी ११:२०

कारण वेळ एकच आहे! दोन्ही करायला गेलं की मुलाखतींचं काय होतं ते खूप प्रबंधांत बघितलंय. शेवटच्या प्रकरणात चार रंगीत अवतरणं, झालं. मुलाखत म्हणजे सर्वेक्षणाला लावलेली झालर नव्हे. ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायलाच तासाला पाच-सहा तास जातात. मग संकेतन (कुठल्या वाक्यात कुठला मुद्दा आलाय त्याच्या खुणा), परत वाचन, परत संकेतन. आणि त्या ओळी दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे वाचून बघायला हव्यात, नाहीतर आपल्याला हवं तेच दिसत जातं.

किती मुलाखती पुरतात याला ३८४ सारखा मंत्र नाही. २००६ मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी आपल्याच साठ मुलाखती तपासल्या तर बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच येऊन गेले होते. लोकांनी लगेच 'बारा' हा नवा मंत्र केला. त्यांचा गट बराच एकजिनसी आणि प्रश्न ठरलेले होते, हे कुणी वाचत नाही.

अर्धविराम | बुधवार, रात्री १०:०५

माझ्या मार्गदर्शकांशी बोलले. ठरलं असं : मुख्य अभ्यास दोन वह्यांचा. त्यातल्या निवडक जोडप्यांच्या मुलाखती, पण निवड वह्या हाती आल्यावर. जिथे नवऱ्याची मिनिटं वाढली तरी बायकोची कमी झाली नाहीत, अशीच घरं. पारावरचीताई, तुमच्या 'डोक्यात कुणाच्या' या प्रश्नासाठीच.

पुढच्या महिन्यात पथदर्शी चाचणी. संमतिपत्राचा नमुना विभागात मिळाला, त्यावर सही घेतली की झालं ना?

उंबरठा | गुरुवार, सकाळी ८:३०

नाही झालं. विभागाच्या नैतिकता समितीकडे आराखडा आधी न्या. पथदर्शी चाचणीसुद्धा मंजुरीनंतरच.

तुमच्या अभ्यासात खरी जोखीम सहीत नाही, घरात आहे. नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोलीत आणि शक्यतो एकाच वेळी विचारा. एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला कधीही कळता कामा नये. 'अहो, यांनी तर दीड तास लिहिलंय' असं कार्यकर्ता गमतीतही बोलला तर रात्री त्या घरात काय होईल ते तुम्हाला दिसणार नाही. मारहाणीसारखं काही बोलण्यात आलं आणि मध्येच कुणी खोलीत आलं, तर लगेच साध्या विषयावर वळायचं. महिलांवरील हिंसाचाराच्या अभ्यासांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये दिलेल्या सूचनांत ही दक्षता आहे, ती तुम्हीही घ्या. मदत कुठे मिळते त्या पत्त्यांची चिठ्ठी सोबत ठेवा, पण ती सगळ्यांना द्या, म्हणजे एकट्या बाईच्या हातात दिसायला नको.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असंही नाही. लटान्या स्वीनी यांनी दाखवलं होतं की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी टपाल संकेतांक एवढ्यावरून वेगळं काढता येईल. तुमच्या फाइलीत विभाग, दोघांचे हुद्दे आणि मुलांची वयं असली की शेजारीसुद्धा ओळखेल. वयाचे गट करा, हुद्दा ढोबळ ठेवा, नाव-पत्त्याची यादी वेगळ्या फाइलीत कुलपात.

'आधी थोडं वेगळं सांगू, म्हणजे लोक मोकळं बोलतील' असा मोह झाला तर अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज आठवा. सार्वजनिक स्वच्छतागृहांत भेटणाऱ्या पुरुषांच्या गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून पत्ते मिळवले आणि वर्षभराने वेश बदलून आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी गेला. १९७० मध्ये ते छापून आलं. त्या काळी त्यातला एक जरी उघडा पडला असता तर नोकरी, संसार सगळं गेलं असतं.

टाचणी | गुरुवार, सकाळी ९:१०

वाखू (वाचनखूण) साठवली. प्रशासक, हा धागा वर चिकटवून ठेवा.

अर्धविराम | दीड महिन्यानंतर

धागा वर काढतेय. समितीची मंजुरी मिळाली आणि पथदर्शी चाचणी झाली.

वाकडा_प्रश्न यांनी सांगितल्याप्रमाणे वही भरून घेतल्यावर लोकांना 'हे लिहिताना मनात काय आलं' तेही विचारलं. संध्याकाळी आठ ते नऊच्या खान्यात एका गृहस्थांनी 'टीव्ही' लिहिलं होतं. त्यांच्या पत्नीनेही 'टीव्ही'. दुसरा रकाना दोघांचाही कोरा. मी विचारलं, तेव्हा हातात काही होतं का? त्या म्हणाल्या, 'कपड्यांच्या घड्या घालत होते, पण ते काय लिहायचं!' आता दुसऱ्या रकान्याचं शीर्षक बदललंय : 'त्याच वेळी हातांनी किंवा मनात दुसरं काही चालू होतं का?' उत्तरं लगेच वाढली.

दुसरं, घरून कामाच्या दिवसाची वही पुरुषांकडून उशिरा येते आणि ती एका बैठकीत भरलेली असते. सगळ्या ओळींना एकच शाई, वेळा सगळ्या अर्ध्या तासाच्या.

फरकाचं विचलन ९० नाही, ११० च्या आसपास आलं.

आकडेबाज | त्याच दिवशी, रात्री

११० धरून २३८ जोडपी, १.२ पटीने २८६. एवढी झेपणार नसतील तर वीसऐवजी पंचवीस मिनिटांचा फरक पकडायचं ठरवा, मग १.२ पट धरूनही १८३ पुरतात. पण हे आत्ता ठरवा, लिहून त्यावर तारीख घाला आणि समितीकडे किंवा पूर्वनोंदणीच्या संकेतस्थळावर टाका. कुठली चाचणी, कुठला तक्ता मुख्य, कुणाला वगळणार, सगळं त्यात. पुढे वेगळं काही सापडलं तर जरूर लिहा, 'हे आधी ठरलेलं नव्हतं' असं स्पष्ट म्हणून.

पथदर्शी चाचणीतली जोडपी मुख्य नमुन्यात धरू नका, रकान्याचं शीर्षक बदललंय. आणि उत्तरांना आकडे द्यायच्या तुमच्या संकेतसूचीत 'उत्तर नाही' साठी ९९ दिसतोय. तुम्ही मिनिटं मोजताय! ९९ मिनिटं स्वयंपाक केलेली बाई उत्तर न देणाऱ्यांत जाईल. उणे ९ घ्या, आणि 'लागू नाही' ला वेगळा आकडा.

फिरती_पाटी | दुसऱ्या दिवशी, सकाळी

एका बैठकीत भरलेल्या वह्यांवर तोडगा : वही सोडून येऊ नका. ठरलेल्या दिवशी दुपारी आणि रात्री असे दोन छोटे निरोप फोनवर पाठवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वही घ्यायला जा. दुसऱ्या फेरीला कार्यकर्ता तोच पाठवा.

रोज रात्री त्या दिवशी आलेल्या वह्या तपासूनच झोपायचं. प्रत्येक वहीच्या मुख्य रकान्याची बेरीज १४४० मिनिटं आली पाहिजे. १३८० आली तर तासभर कुठेतरी हरवलाय, आणि तो शोधायचा तर दुसऱ्याच दिवशी, त्याच माणसाला विचारून. आठवड्याने विचारलंत तर तो तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी भरून देईल. बेरीज जमत नसलेली वही कार्यकर्त्याने 'झोप' वाढवून जुळवली तर त्याला पहिल्या दिवशीच समज द्या. हे हमखास होतं. सगळ्या वह्यांतल्या झोपेच्या मिनिटांचा आलेख कार्यकर्त्यागणिक काढलात की कोण जुळवतोय ते दिसतं.